लिनक्सवर माइक चालत नाही, तेव्हा आवाज कुठे अडतो?

कॉल लागतो, समोरच्याचे बोलणे ऐकू येते, पण आपला आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसू नये आणि लिनक्स पुन्हा टाकण्याची घाई तर मुळीच करू नये. माइकमधला विद्युत संकेत ध्वनीची चिप आकड्यांत मोजते, बहुधा सेकंदाला ४८,००० वेळा. हे आकडे कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आल्सा हा ध्वनीचा भाग उचलतो, मग पाइपवायर किंवा जुन्या यंत्रणेत पल्सऑडिओ हा आवाज वाटणारा प्रोग्राम ते ब्राउझरकडे पोचवतो. सहसा यातला एखादाच टप्पा अडलेला असतो, आणि तोही बिघडलेला नसून नुसता बंद असतो.

तपास मधल्या टप्प्यापासून सुरू केला की निम्मे काम वाचते. त्यासाठी पावूकंट्रोल हा आवाजाच्या नियंत्रणाचा प्रोग्राम बसवा. ते मूळचे पल्सऑडिओचे, पण पाइपवायरवरही चालते. त्यातल्या ‘इनपुट डिव्हाइसेस’ पानावर माइकच्या नावाखाली एक पट्टी असते. बोलताना ती हलत असेल तर चिप, ड्रायव्हर, आल्सा सगळे ठीक आहे, दोष वरच्या बाजूला, म्हणजे ॲपकडे आहे.

मग कॉल चालू ठेवूनच ‘रेकॉर्डिंग’ पान उघडा, कारण ॲपची नोंद तिथे आवाज घेत असतानाच दिसते. नोंदच नसेल तर बहुधा ॲपला परवानगी नाही: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतले चिन्ह पाहा, आणि ॲप स्नॅप या पॅकेजच्या प्रकारातून आले असेल तर त्याची ध्वनिमुद्रणाची परवानगीही. नोंद आहे पण तिच्यासमोर ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारे नाव आहे? मग ॲप माइकऐवजी स्पीकरवर वाजणारा आवाज उचलते आहे, आणि समोरच्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. यादीतून खरा माइक निवडला की झाले.

पट्टी हलतच नसेल तर आधी कीबोर्डवरची माइक बंद करणारी कळ पाहा. मग ‘कॉन्फिगरेशन’ पानावर जा. प्रोफाइल (साउंड कार्ड कोणत्या दिशेने वापरायचे ती निवड) नुसते ‘आउटपुट’ असेल तर माइक यादीतून गायब होतो. तिथे ‘डुप्लेक्स’ (दोन्ही दिशांचे) हवे. यानंतर टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर हा आल्साच्या पातळ्या बदलणारा प्रोग्राम उघडा. सुरुवातीला बहुधा पाइपवायरचाच एक दिखाऊ मिक्सर समोर येतो, म्हणून एफ६ दाबून खरे साउंड कार्ड निवडा आणि एफ४ने ध्वनिग्रहणाच्या पट्ट्यांवर या. ‘कॅप्चर’ स्पेसबारने चालू-बंद होते. शेजारच्या ‘माइक बूस्ट’च्या बाबतीत हावरेपणा नको: दर १० डेसिबलला संकेत सुमारे ३.१६ पट होतो, ३० डेसिबलला जवळपास ३२ पट, आणि पार्श्वभूमीची खरखरही तेवढीच वाढते. १० किंवा २० बहुधा पुरते.

अंगचा माइक यादीतच नसेल तर फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संशय घ्या. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये पडद्याजवळचे माइक डिजिटल असतात आणि त्यांना साउंड ओपन फर्मवेअर लागते. लिनक्सच्या काही वितरणांत (डिस्ट्रोंत) ते वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते. बायोसमध्ये माइक बंद केलेला नाही ना, हेही पाहून घ्या.

सर्वात चकवणारा दोष कलेचा, म्हणजे लाटेच्या फेजचा. काही लॅपटॉपमध्ये अंगच्या माइकचा एक चॅनेल उलट्या कलेत येतो: डाव्यात लाट वर जाते तेव्हा उजव्यात खाली. स्वतः मुद्रण करून हेडफोनवर ऐकले तर आवाज व्यवस्थित येतो, म्हणून माइकवर शंकाच येत नाही. कॉलचे ॲप मात्र दोन्ही चॅनेल मिळवून एक करते, आणि समान व विरुद्ध लाटांची बेरीज शून्याच्या आसपास येते. उपाय सोपा आहे: ‘इनपुट डिव्हाइसेस’मध्ये कुलपाचे बटण सोडवून उजवा चॅनेल शून्यावर आणा. उरलेला एकटा चॅनेल मिश्रणात निम्माच राहतो, म्हणून पातळी ६ डेसिबलने वाढवा.

ब्लूटूथ हेडसेटची गोष्ट निराळी. संगीतासाठीचे एटूडीपी प्रोफाइल एकाच दिशेचे, त्यात माइक नाही. माइक हवा तर हँड्सफ्री प्रोफाइल लागते, आणि त्यातल्या जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीत) सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात. म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचे काही उरत नाही. ‘स’ आणि ‘श’ यांची बरीचशी ऊर्जा नेमकी तिथेच असते, म्हणून बोलणे बोदे ऐकू येते. एमएसबीसी हा नवा कोडेक निवडता आला तर नमुने १६,००० होतात. त्याहून बरे म्हणजे हेडसेट एटूडीपीवरच ठेवून ऐकायचे आणि बोलायला लॅपटॉपचा माइक वापरायचा.

तारेच्या हेडसेटची पिन चार पट्ट्यांची असते. लॅपटॉपला माइक आणि हेडफोनची वेगवेगळी भोके असतील तर दोन पिनांत विभागणारा जोड लावावा लागतो; सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधले तरी तिथे काही सापडणार नाही.