द अदर साइड ऑफ होप
द अदर साइड ऑफ होप : फिनलंडचे दिग्दर्शक आकी कौरिस्माकी यांचा २०१७ सालचा काळ्या विनोदाचा चित्रपट. मूळ फिनिश नाव ‘तोइवोन तुओल्ला पुओलेन’. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार मिळाला. घटना हेलसिंकी शहरात घडतात. २०१५ मध्ये फिनलंडमध्ये आश्रयासाठी ३२ हजारांहून अधिक अर्ज आले. आदल्या वर्षी ते चार हजारांच्या आत होते. कथेला त्या लोंढ्याची पार्श्वभूमी आहे.

सीरियातल्या अलेप्पो शहराचा मेकॅनिक खालेद (शेरवान हाजी) मालवाहू जहाजातल्या कोळशाच्या ढिगातून वर येतो, तेव्हा काजळीत त्याचे डोळेच तेवढे दिसतात. अंघोळ करून तो स्वतःहून पोलिसांकडे जातो आणि आश्रय मागतो. दुसरीकडे शर्टांचा विक्रेता विकस्ट्रॉम (साकारी कुओस्मानेन) बायकोला सोडतो, पोकरमध्ये पैसा जिंकतो आणि एक डबघाईचे रेस्टॉरंट विकत घेतो.

सुनावणीत खालेद घरावर पडलेल्या बॉम्बची, मेलेल्या माणसांची हकिगत सपाट आवाजात सांगतो. अलेप्पोत गंभीर धोका नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला जातो. पाठोपाठ टीव्हीवर तिथल्याच रुग्णालयावरच्या हल्ल्याची बातमी येते. या चित्रपटातला सर्वांत काळा विनोद हाच, आणि तो सरकारी भाषेत बोलला जातो.

कौरिस्माकींची पात्रे कोऱ्या चेहऱ्याने वावरतात. खालेदचा इराकी मित्र त्याला बजावतो, की हसतमुख राहा, उदास दिसणाऱ्यांना आधी परत पाठवतात. पण रस्त्यात हसू नकोस, लोक वेडा समजतील. अर्ज फेटाळल्यावर पळून जाऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी झोपलेल्या खालेदला विकस्ट्रॉम हटकतो, दोघे एकमेकांना ठोसा लगावतात, आणि लगेच खालेद आत टेबलाशी बसून सूप पिताना दिसतो. मधे माफी नाही, भाषण नाही. स्थलांतरितांवरच्या चित्रपटांत दयेचे प्रदर्शन फार होते. इथे खालेदला सरळ काम मिळते. याच रेस्टॉरंटला जपानी करण्याचा घाटही घातला जातो. ताजे मासे संपतात, मग खारवलेल्या हेरिंग माशांवर वासाबी या तिखट जपानी चटणीचे गोळे ठेवून सुशी वाढली जाते.

खालेदची ताटातूट झालेली बहीण मिरियम अखेर सापडते. ट्रकचालक तिला लपवून आणतो आणि पैसे घेत नाही. खोटी ओळख मिळत असतानाही ती स्वतःच्याच नावाने अर्ज करायचे ठरवते. पण एका वर्णद्वेष्ट्याने खालेदला भोसकलेले असते. शेवटी तो पाण्याकाठी झाडाला टेकून बसलेला दिसतो. रेस्टॉरंटमधला कुत्रा येऊन त्याचा चेहरा चाटतो. तो जगतो की नाही, हे चित्रपट सांगत नाही.