हसणारा नेमका कशाला हसला?

परभणी, बीड, लातूर, हिंगोली, कुठल्याही एसटी स्टँडबाहेर संध्याकाळ झाली की चायनीजच्या गाड्या लागतात. शेजवान राईस, मंचुरियन, कढईखालून उसळणारा जाळ. गाडीच्या पाटीवर पुष्कळदा एक चेहरा रंगवलेला असतो. डोक्यावर टोकदार टोपी, डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, ओठांच्या कडांवरून हनुवटीखाली लोंबणाऱ्या बारीक मिशा. या मिशा आपल्याकडे चीनमधून आलेल्या नाहीत. १९१३ साली सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाची पहिली फू मांचू कादंबरी आली. गोऱ्यांचं जग पादाक्रांत करायला निघालेला कपटी चिनी डॉक्टर हा तिचा खलनायक. कादंबरीतल्या फू मांचूला मिशा नव्हत्या, त्या त्याला सिनेमानं दिल्या आणि पुढे जगभर त्या मिशा म्हणजेच चिनी माणूस, असं होऊन बसलं. चिनी लोक येतील आणि आपल्याला गिळतील, ही इंग्लंड-अमेरिकेतली त्या काळची भीती या चेहऱ्यात साठलेली आहे.

आपल्या पाटीवर तो चेहरा काढणाऱ्या पेंटरच्या मनात चिन्यांबद्दल कसलाही राग नसतो. बहुधा त्यानं आयुष्यात एकही चिनी माणूस पाहिलेला नसतो. एखाद्या समाजाबद्दलचा असा ठोकळेबाज समज, म्हणजे साचा, पसरायला द्वेष लागत नाही, ही साच्यांवरच्या विनोदाबद्दलची पहिली आणि सगळ्यात अवघड गोष्ट.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये डोळे बोटांनी ताणून ‘चिंग चांग’ करणारं एखादं पात्र येतं, किंवा शिट्टी आणि काठी घेऊन ‘शाब’ म्हणणारा गुरखा येतो, सभागृह हसतं. मग कुणी हरकत घेतली की वाद ठरलेल्या वळणानं जातो. एक बाजू म्हणते हा वंशद्वेष आहे. दुसरी म्हणते, छे, ही थट्टा आहे, व्यंग आहे, आमचा हेतू तसा नव्हता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत विनोदावर जे संशोधन झालं ते वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: या वादात हेतू हा सगळ्यात दुबळा पुरावा आहे. विनोद सांगणाऱ्याच्या मनात काय होतं यावरून ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरलं ते कळत नाही.

आधी हसू येतं कसं ते पाहू. पीटर मॅक्ग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये एक मांडणी केली. एखादी गोष्ट चुकीची, नियम मोडणारी वाटली आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवीही वाटली, की माणूस हसतो. नुसतं चुकीचं वाटलं तर राग येतो, नुसतं निरुपद्रवी वाटलं तर काहीच होत नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अंतराचा अभ्यास केला. गंभीर आघात दूरच्या माणसावर, दूरच्या काळात झालेला असला तर तो विनोदी वाटू शकतो. जवळचा असला तर नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हे अंतराचं गणित वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपली मुलं शिकायला पुण्यात जातात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या तोंडून ‘काय करायलास’, ‘कामून’, ‘जेवायलो’ पकडतं आणि मग ते शब्द होस्टेलभर त्यांच्या मागे फिरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते पाणी ज्यांच्या घरी आलं नव्हतं त्यांना आमच्या आंघोळीवर विनोद सुचू शकतो, कारण त्यांच्यासाठी ती रिकामी घागर निरुपद्रवी वाटावी इतक्या अंतरावर आहे. लातूरच्या मुलाला तो विनोद लागतो. आणि हाच मुलगा सुट्टीत घरी आला की गुरख्याच्या ‘शाब’वर मनमोकळं हसतो, कारण काठमांडू लातूरहून लांब आहे. तो दुष्ट नाही. फक्त आता अंतर त्याच्या बाजूनं आहे.

आता साच्याकडे येऊ. पॅट्रिशिया डिवाइन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. एखाद्या समाजाबद्दलचा साचा माहीत असणं वेगळं आणि त्यावर विश्वास असणं वेगळं. पूर्वग्रह कमी असलेल्या माणसांनाही साचा तितकाच पाठ असतो आणि तो आपोआप जागा होतो. फरक इतकाच की ती माणसं जाणीवपूर्वक त्याला आवर घालतात. साच्यावरचा विनोद फक्त माहिती मागतो. सांगणारा अर्धंच वाक्य बोलतो, उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यानं आपल्या डोक्यातून भरायचं असतं. ‘चिनी माणूस हॉटेलात गेला आणि कुत्रं…’ एवढं म्हटलं की पुढचं आपणच पुरवतो. ते पुरवताना आपण साचा एकदा वापरलेला असतो. शिवाय हसण्याच्या भरात आवर घालायची इच्छाही नसते. जागरूक माणूससुद्धा त्या क्षणी ढिला असतो.

मग व्यंगाचं काय? साच्यालाच उघडं पाडण्यासाठी साचा वापरणारे लेखक आणि नट असतातच, आणि त्यांची तळमळ खरी असते. त्यातल्या काहींचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

१८७० साली ब्रेट हार्ट या अमेरिकन लेखकानं एक कविता लिहिली. पत्त्यांच्या डावात दोन गोरे एका चिन्याला लुबाडायला बसतात, त्यातला एक अस्तनीत पत्ते लपवतो. पण चिनी त्यांच्यापेक्षा सवाई निघतो, आणि मग ‘चिनी लबाड असतात’ असा कांगावा होतो. हार्टला कॅलिफोर्नियातल्या गोऱ्यांचा दुटप्पीपणा दाखवायचा होता. कविता देशभर गाजली, पण वाचकांनी ती उलटी वाचली. चिनी कसे धूर्त असतात याचा दाखला म्हणून चिनीविरोधी मंडळी तीच कविता म्हणू लागली. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. तो रद्द व्हायला १९४३ उजाडलं. कायदा कवितेमुळे आला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्यांच्यावर टीका होती त्यांनीच ती आपलं हत्यार म्हणून उचलली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हे असं का होतं, याची तपासणी शंभर वर्षांनी झाली. १९७१ पासून अमेरिकन टीव्हीवर ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका चालू होती. तिचा नायक आर्ची बंकर हा काळ्या, ज्यू, आशियाई, सगळ्यांबद्दल तोंडाला येईल ते बोलणारा गृहस्थ. लेखकांना त्याचं हसं करायचं होतं. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होता त्यांना आर्ची मूर्ख वाटत होता. ज्यांच्या मनात जास्त होता त्यांना तो आवडत होता, आपल्या मनातलं बोलणारा वाटत होता. मालिका एकच, विनोद एकच, आणि दोन घरांत दोन वेगळे विनोद चाललेले. २००९ मध्ये स्टीफन कोल्बेर या व्यंगकाराच्या कार्यक्रमावर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. तो उजव्या विचारांच्या निवेदकाचं सोंग घ्यायचा. उदारमतवाद्यांना ते सोंग कळायचं, आणि सनातनी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना वाटायचं की हा गंमत करतोय असं भासवतो पण याला खरंच असं म्हणायचं आहे. दोन्ही गट सारखेच हसत होते. याच कार्यक्रमातलं आशियाई लोकांची नक्कल करणारं एक वाक्य २०१४ मध्ये संदर्भ तोडून ट्विटरवर आलं आणि मोठं वादळ उठलं. मूळ टीका मूळनिवासी अमेरिकनांच्या नावावर चाललेल्या एका फुटबॉल संघाच्या मालकावर होती. ती बाजूला पडली आणि मागे उरली फक्त आशियाई उच्चारांची टिंगल.

व्यंग आहे की वंशद्वेष, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच पुष्कळदा ‘दोन्ही, एकाच वेळी, वेगवेगळ्या डोक्यांत’ असं येतं. डेव्ह शापेल या काळ्या विनोदकाराला हे स्वतःच्या सेटवर जाणवलं. वंशाच्या साच्यांवरच बेतलेल्या एका प्रहसनाचं चित्रीकरण चालू असताना एक गोरा माणूस हसला, आणि ते हसू त्याला वेगळं वाटलं. आपल्याबरोबरचं नव्हे, आपल्यावरचं. २००५ मध्ये कोट्यवधी डॉलरचा करार आणि गाजता कार्यक्रम सोडून तो निघून गेला. विनोदाच्या शास्त्राला जे मोजायला कष्ट पडतात ते त्यानं कानांनी ओळखलं होतं.

‘हसले तर हसले, त्यानं कुणाचं काय बिघडलं?’ या प्रश्नावर थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञानं अनेक वर्षं काम केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुरुषांच्या एका गटाला बायकांवरचे विनोद वाचायला दिले, दुसऱ्याला त्याच धाटणीची पण विनोद नसलेली सरळ अपमानकारक विधानं, तिसऱ्याला साधे विनोद. मग विचारलं, महिलांच्या एका संस्थेला किती देणगी द्याल? ज्यांच्या मनात आधीच बायकांबद्दल आकस होता त्यांचा हात विनोद वाचल्यावर आखडला. सरळ अपमान वाचल्यावर तसा आखडला नाही. मला या सगळ्या संशोधनात हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उघड अपमान ऐकला की माणूस सावध होतो. तीच गोष्ट विनोदातून आली की ‘इथे हे चालतं’ एवढा निरोप पोचतो. विनोद नवा द्वेष निर्माण करत नाही. दाबून ठेवलेल्या द्वेषावरचं झाकण काढतो.

२०१४ मध्ये फोर्ड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुस्लिमांवरच्या विनोदांनंतर पूर्वग्रह असलेल्या माणसांची भेदभाव करायची तयारी वाढली, अतिरेक्यांवरच्या विनोदांनी तसं काही झालं नाही. ज्यांच्याबद्दल समाजाचं मत अजून दोलायमान आहे, म्हणजे उघड तुच्छता बरी दिसत नाही पण आतून पूर्ण स्वीकारही नाही, अशा समूहांना विनोदाची झळ लागते. पुढाऱ्यावर कितीही हसा, त्याला घर भाड्यानं मिळायचं थांबत नाही. मणिपूरच्या मुलीला मिळायचं थांबतं. जातीवरून होणाऱ्या थट्टेबद्दलही मला हेच म्हणायचं आहे, आणि मराठवाड्यात तरी ते उलगडून सांगायची गरज नसावी.

आपल्या देशात आशियाई चेहऱ्यावरचा विनोद कुणाला लागतो? चीनमधल्या माणसाला नव्हे; ईशान्य भारतातल्या आपल्याच नागरिकांना आणि नेपाळ्यांना. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात थट्टा झाली, त्यातून वाद, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी पाहण्यासाठी केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. २०२० मध्ये साथ आली तेव्हा याच चेहऱ्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. ती हाक मारणाऱ्या कित्येकांना आपण गंमतच करतोय असं वाटत असावं.

कौतुकाच्या साच्यांबद्दल थोडक्यात. ‘आशियाई लोक हुशार, गणितात पक्के, कष्टाळू’ हा अमेरिकेतला साचा वरवर छान वाटतो. सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की अशा समूहांना कर्तबगार पण रूक्ष, परके मानलं जातं. त्यांच्याबद्दल आदर वाटतो आणि मत्सरही, आणि अडचणीच्या काळात मत्सर वर येतो.

हे सगळं वाचून साच्यावर विनोद करूच नये असं मला वाटत नाही, कारण आपल्याच मातीत त्याचा एक वेगळा नमुना आहे. सोळाव्या शतकात पैठणला नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं कडाकडा भांडतात. तुर्क हिंदूंच्या देवांच्या कथांवर आणि सोवळ्यावर बोट ठेवतो, हिंदू त्याच्या उपासनेवर. त्या काळात एकमेकांबद्दल जे जे टोमणे होते ते सगळे त्यात आहेत, एकही लपवलेला नाही. पण तुर्क तिथे हसण्यासाठी उभं केलेलं बुजगावणं नाही. तो त्याच्या हिंदुस्तानी बोलीत उलटून बोलतो, आणि त्याचे काही वार वर्मी बसतात. शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात. विडमार-रोकीचच्या प्रेक्षकाला आर्ची बंकर जिंकला असं वाटू शकत होतं, कारण तशी जागा मालिकेत होती. नाथांच्या संवादात एकाच बाजूनं हसत बसायला जागाच ठेवलेली नाही.

गॅदरिंगच्या प्रहसनांना मंजुरी देणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सुचवेन: त्यातल्या गुरख्याला, ‘चिन्या’ला, भैय्याला उलट बोलायला एक तरी वाक्य आहे का, आणि ते वाक्य ऐकून सभागृह कुणाला हसतं, हे तालमीत बघावं. हेतू विचारण्यापेक्षा हे तपासणं सोपं आहे.

अर्थात वाक्यं असली तरी ती कुणाच्या आवाजात आहेत हा प्रश्न उरतो. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेत १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. प्रेमळ, कष्टाळू, आणि त्याच्या तोंडी वाक्यं भरपूर. मालिका अमेरिकन समाजावरचं धारदार व्यंग म्हणून नावाजलेली. अपूचा आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता आणि त्याचं भारतीय वळणाचं इंग्रजी हाच मुख्य विनोद. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकारानं त्यावर माहितीपट केला, शाळेत आपल्याला ‘अपू’ म्हणून कसं चिडवलं जायचं ते सांगितलं. अझारियानं २०२० मध्ये ती भूमिका सोडली. पुढच्या वर्षी माफी मागताना त्यानं सांगितलं की आपल्या मुलाच्या शाळेतल्या भारतीय विद्यार्थ्यांशी तो या विषयावर बोलला होता. त्यातल्या सतरा वर्षांच्या एका मुलानं ‘द सिम्प्सन्स’ कधी पाहिलंच नव्हतं. अपू या नावाचा अर्थ मात्र त्याला माहीत होता. त्याला ते नाव शिवी म्हणून कळलेलं होतं.