नाणं पारखणारं चुंबक

अमेरिकेत ओहायोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने १९५० च्या दशकातलं एक शीतपेयाचं यंत्र विकत घेतलं. नाणं टाकलं की बाटली देणारं. पत्रा घासून रंग दिला, दाराचं रबर बदललं. आतला गारवा देणारा वायू जुना सीएफसी, ओझोनला मारक. तो जाणकार माणसाकडून काढून दुसरा भरून घेतला. यंत्र गार होऊ लागलं, पण डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, टाकलं की खडखडत परत! "वजनाचा काटा बिघडलाय," तो म्हणाला.

यंत्र फक्त वजन करतं, असंच बहुतेकांना वाटतं. ते वजन आणि व्यास तपासतं हे खरं, पण तेवढी चकती कुणीही कापून आणेल. खरी पारख पुढे होते, एका चुंबकापाशी.

नाणं उतरत्या पट्टीवरून घरंगळत चुंबकाच्या दोन टोकांमधून जातं. लोखंडाची चकती तिथेच चिकटते. चांदी, तांबं चिकटत नाहीत, पण त्यांच्यावर परिणाम होतोच. चालत्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, त्यांना एडी करंट म्हणतात. लेन्झच्या नियमानुसार हे प्रवाह गतीलाच विरोध करतात, त्यामुळे नाणं मंदावतं. धातू जितका चांगला वाहक, तितका ब्रेक मोठा. जितका जड, तितका त्याचा परिणाम कमी. म्हणजे मंदावणं ठरतं वाहकता भागिले घनता या गुणोत्तरावर. जाडी दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट आणि वस्तुमानही दुप्पट, म्हणून जाडीने फसवता येत नाही! पट्टी संपली की नाणं पोलादी ठोकळ्यावर आदळून उसळतं. योग्य वेगाचं नाणं खऱ्या वाटेत पडतं. शिशाचं पलीकडे उडतं, शुद्ध तांब्याचं अलीकडेच पडतं.

(चुंबकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. रक्तात लोह असतं, तेव्हा चुंबकाचं कडं घाला, असं सांगून ती कडी विकतात. हिमोग्लोबिनमधलं लोह हा लोखंडाचा कीस नव्हे, ते चुंबकाकडे धावत नाही. पैसे घालवू नका.)

आता माझा सर्वात आवडता भाग. १९६५ साली चांदीच्या टंचाईमुळे अमेरिकेने डाइम आणि क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, यांत असलेली ९० टक्के चांदी काढून टाकली. तांबं-निकेलचं साधं मिश्रण वापरलं असतं तर देशभरातल्या यंत्रांनी ते नाकारलं असतं, कारण तांब्यात विखुरलेले निकेलचे अणू इलेक्ट्रॉनांना जागोजागी अडवतात आणि वाहकता कोसळते. म्हणून नाणं थरांचं केलं: मधे शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलचं पातळ पांघरूण. सगळं मिळून निकेल ८.३३ टक्के, पण ते बाहेरच्या थरांत बसलेलं. मधल्या तांब्यातून इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी. डाइमचं वजन २.५ ग्रॅमवरून २.२७ ग्रॅमवर आलं, तरी ते जुन्या यंत्रात चाललं. देशाचं नाणं घडवताना पेयाच्या यंत्रातल्या चुंबकाचा विचार करावा लागला!

मावसभावाच्या यंत्रात वजनाचा काटा ठणठणीत होता. पट्टीवर साखरेच्या पाकाचा चिकट थर आणि चुंबकावर लोखंडी कीस साचलेला होता. नाणं आधीच रेंगाळत होतं. "जास्त ताकदीचं चुंबक लावू?" त्याने विचारलं. मी घाईघाईने नको म्हटलं. मग खरी नाणीही अलीकडेच पडली असती. तेलही घालायचं नाही, धूळ धरतं. कोमट पाण्याने पट्टी पुसली, चुंबकाला हातोडी न लावता चिकटपट्टीने कीस उचलला. तिसऱ्या डाइमला बाटली आली.

नंतर उघड्या चुंबकाजवळ मी खिशातला आपला एक रुपया धरला. टचकन चिकटला. हल्लीचा रुपया फेरिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या, स्टेनलेस स्टीलचा असतो, बहुतांश लोखंडच.