केसीएलची ॲम्प्यूल वॉर्डात कशाला?

पोटॅशियम क्लोराईडच्या (केसीएल) १० मिलीच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे सीलबंद कुपीत, दीड ग्रॅम क्षार, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजायचे एकक) पोटॅशियम असते. ५०० मिली सलाईनमध्ये मिसळून किमान दोन तासांत दिले, तर रक्तातली कमतरता भरून निघते. तेच न मिसळता थेट शिरेत गेले, तर हृदयाच्या पेशींचा विद्युतभार बिघडून ठोके थांबू शकतात. आणि ही ॲम्प्यूल दिसते कशी? बरीचशी डिस्टिल्ड वॉटरसारखी.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये केसीएलच्या चुकांमुळे झालेले १० मृत्यू तपासले. त्यांपैकी ८ जणांना ते तीव्र, न मिसळलेले द्रावण थेट दिले गेले होते आणि त्यातही ६ वेळा दुसरेच औषध समजून. या आठही ठिकाणी ॲम्प्यूल वॉर्डातच हाताशी होती.

‘सिस्टरने लेबल वाचले नाही’ म्हणून फाईल बंद करणे सोपे असते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी विमानवाहू जहाजे, हवाई वाहतूक नियंत्रण आणि अणुवीज केंद्र यांचा अभ्यास केला. इतक्या धोक्याच्या कामात अपघात इतके कमी कसे, हा त्यांचा प्रश्न होता. तिथली माणसे पहिल्या सोप्या कारणावर थांबत नाहीत, हे उत्तराचा एक भाग. लेबल वाचायचे राहू शकते, हे धरूनच ती कामाची मांडणी करतात.

म्हणून तीव्र केसीएल वॉर्डाच्या कपाटातून हलवायचे. फार्मसीने तयार मिसळलेल्या बाटल्या द्यायच्या. आयसीयूत ॲम्प्यूल लागतेच, तिथे ती वेगळ्या, कुलूपबंद डब्यात ठेवायची. ‘केसीएल १ ॲम्प’ एवढाच आदेश स्वीकारायचा नाही: मिलिइक्विव्हॅलंट, कशात मिसळायचे आणि किती तासांत, हे तिन्ही हवे. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंतच. त्याहून वेग हवा तर ईसीजी मॉनिटर लावून. लटकवलेल्या बाटलीत केसीएल टोचले, तर ते तळाशी, नळीच्या तोंडाजवळ साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच जास्त मात्रा जाते. बाटली काढून, औषध घालून, नीट उलटसुलट करून मगच लावावी.

औषध देण्याआधी दोघांनी मात्रा तपासायची, ही दुहेरी तपासणी सर्वांत जास्त फसते ती सहीपाशी. पहिल्याचा हिशेब बघून दुसरा मान डोलावतो. दुसऱ्याने स्वतंत्र हिशेब करून मगच आकडे ताडून पाहायचे. त्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर धोका दिसला, तर सर्वांत कनिष्ठ खलाशीही विमान उतरवणे थांबवू शकतो; मोठ्या सर्जनला ‘थांबा सर’ म्हणायची मुभा नव्या सिस्टरला असेल, तरच या तपासणीला अर्थ आहे.

इतके करूनही घात होऊ शकतो. त्यासाठी इमर्जन्सी ट्रॉलीत १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट हवे; ते पोटॅशियमच्या माऱ्यापासून हृदयाला सावरते. पहिले काम मात्र ड्रिप बंद करणे.

आणि ॲम्प्यूल हलवल्यावर एक नवी भानगड सुरू होते. रात्री फार्मसी बंद, म्हणून कुणीतरी चार ॲम्प्यूल ड्रॉवरमध्ये ‘असू द्या’ म्हणून ठेवते. यावर ओरडून फायदा नाही, साठा आणखी खोल लपतो. रात्री किती तयार बाटल्या लागतात ते मोजून तेवढ्या संध्याकाळीच पोचवायच्या आणि ड्रॉवर अधूनमधून, तोही रात्री दोन वाजता, उघडून पाहायचा.