नळीतलं रक्त साखर खात राहतं

‘शाळेत सर्वेक्षणवाले येतात, बाटलीभर रक्त काढून नेतात, मग मुलं अशक्त होतात.’ मुंबईत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. हिशोब करून पाहा. 40 किलो वजनाच्या मुलीच्या अंगात पावणेतीन लिटरच्या वर रक्त असतं. सगळ्या नळ्या मिळून 10 मिलिलिटर घेतलं, तरी ते अर्धा टक्कासुद्धा होत नाही. त्यानं कुणाची वाढ खुंटत नाही, पाळीवरही परिणाम होत नाही. काळजी करायचीच तर शिरेतून नळीत आल्यावर त्या रक्ताचं काय होतं, याची करायला हवी.

कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक लागलेली असते. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, नसतात, त्यामुळे ऊर्जेसाठी ती फक्त ग्लुकोजवर अवलंबून असते. शरीरात यकृत भर घालत राहतं. नळीत यकृत नाही. नुसत्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्क्यांनी उतरते, आणि मे महिन्यातल्या मुंबईत त्याहून वेगानं. उपाशीपोटी 104 मिलिग्रॅम साखर असलेल्या मुलाचं रक्त दोन तास तसंच राहिलं, तर यंत्र साधारण 92 दाखवेल. 100 च्या पुढे मधुमेहपूर्व अवस्था धरली जाते. म्हणजे मुलगा कागदावर ठणठणीत!

म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइडची नळी वापरतात. इथली रसायनं मला फार आवडतात, थोडा धीर धरा. ग्लुकोज फोडण्याची साखळी दहा पायऱ्यांची आहे. फ्लोराइड नवव्या पायरीवरच्या इनोलेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. पण आत आलेल्या ग्लुकोजला अडकवून ठेवणारं हेक्झोकायनेज हे विकर पहिल्या पायरीवर बसलंय, त्याला फ्लोराइड हात लावत नाही. सायनला रस्ता बंद केला म्हणून मुलुंडहून निघालेल्या गाड्या लगेच थांबत नाहीत, तसंच हे. पेशीतला एटीपी, म्हणजे ऊर्जेचा साठा, संपेपर्यंत पहिली पायरी चालूच राहते, आणि त्यात पहिला तास-दीड तास साखर घटत जाते. यावर उपाय सायट्रेटचा. नळीत सायट्रिक आम्ल असलं, की रक्त आम्लधर्मी होतं, त्याचा पीएच 6 च्या खाली येतो आणि हेक्झोकायनेज व तिसऱ्या पायरीवरचं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज दोन्ही जवळजवळ तत्काळ थंडावतात. मात्र नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायलाच हवी. नाहीतर औषध तळाशी आणि रक्त वर.

मग सगळंच बर्फात का नाही ठेवायचं? पोटॅशियममुळे. तांबड्या पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा तीसेक पट असतं, आणि ते आत राखणारा पंप थंडीत मंदावतो. पेशी वेगळ्या न करता नळी बर्फात ठेवली, तर पोटॅशियम झिरपतं आणि अहवालात खोटं वाढलेलं दिसतं. साखरेला थंडी मानवते, पोटॅशियमला नाही. झिंक मोजायचं तर नळी आणि तिचं बूचसुद्धा खास लागतं, कारण साध्या रबरी बुचातूनच झिंक उतरतं.

एका रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर चाचणी पुन्हा करायला सांगतात. सर्वेक्षणात ती सोय नाही. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या 51 हजारांहून अधिक मुलामुलींचे रक्त-लघवीसारखे नमुने घेतले गेले. समजा, प्रयोगशाळा परळला आहे. दादरच्या शाळेतल्या नळ्या अर्ध्या तासात पोचल्या, मानखुर्दच्या वाहतुकीत अडकून तीन तासांनी. आता दोन वस्त्यांतल्या मुलांच्या साखरेत जो फरक दिसेल, तो मुलांचा की रस्त्याचा? नमुने दुप्पट केले तरी ही चूक कमी होत नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

रक्त कुठून काढलं, हेही तितकंच महत्त्वाचं. त्याच सर्वेक्षणात, शिरेतून घेतलेल्या रक्तावरून, 10 ते 19 वयाच्या मुलींत रक्तक्षय 40 टक्के निघाला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, बोटाच्या थेंबावरून, 15 ते 19 वयाच्या मुलींत 59 टक्के. वयोगट वेगळे आहेत, पण बोट दाबलं की थेंबात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं, हेही खरं. एका थेंबात सगळे आजार ओळखू म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीच्या संस्थापिकेला 2022 मध्ये न्यायालयानं गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. तशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात, त्यांना भुलू नका.

शाळेतून संमतीपत्र आलं तर पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. रक्त काढल्याची वेळ नळीवर लिहिणार का? आणि उरलेला नमुना उणे 80 अंशांत गोठवून पुढच्या संशोधनासाठी ठेवणार का, ठेवणार असतील तर त्याची वेगळी परवानगी घेणार का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 12 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःची लेखी सहमतीही लागते. सुई पाहून घेरी येणारी मुलं या वयात बरीच असतात, त्यांना आडवं झोपवून रक्त घ्यावं. आणि मुलीनं ‘नको’ म्हटलं, तर आईबाबांची सही असली तरी सुई टोचायची नाही.