मे महिन्यातली पद्मिनी आणि केळी नेणारी पिकअप

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार जपणारे गाडीत एक फडकं आणि पाण्याची बाटली ठेवतात. गाडी आचके देत बंद पडली की बॉनेट उघडायचं, ओलं फडकं फ्युएल पंपावर गुंडाळायचं आणि थोडा वेळ थांबायचं. बहुतेकदा गाडी पुन्हा सुरू होते.

पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनालाच पंप जोडलेला असतो आणि तो मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाला, देतो. ओढताना नळीतला दाब घटतो; दाब घटला की उत्कलनबिंदूही खाली येतो. त्यात इंजिनाची धग. नळीत वाफ धरते, पंप ती वाफच दाबत-सोडत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात ते झपाट्याने उडतं. कोकणच्या दमट हवेत हाच उपाय बराच फिका पडेल.

रावेर-सावद्याहून केळीचे घड भरून निघणाऱ्या आजच्या डिझेल पिकअपला हा त्रास नाही. डिझेल साधारण १८० अंशांपुढे उकळू लागतं, आणि कॉमन रेल इंजिनात (सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) ते हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबाने फवारलं जातं.

सांगाड्याचं मात्र नेमकं उलटं आहे, आणि मला तेच जास्त विलक्षण वाटतं. जुन्या पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच भार पेलते. नव्या पिकअपखाली मात्र जुन्या धाटणीची, शिडीसारखी चासी! मागच्या हौद्यात टन-दीड टन माल पडणार, तर तो पोलादी तुळयांनीच उचललेला बरा.

मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दोघींनाही आहेत, पण पिकअपचे फार ताठ. समजा, मागच्या चाकांवर रिकामी असताना ७०० किलो आणि भरल्यावर २१०० किलो वजन येतं. वजन तिप्पट झालं की त्याच पाट्यांवरचा झोका सुमारे १.७ पट संथ होतो. म्हणून परतीची रिकामी पिकअप खड्ड्याखड्ड्याला उधळते आणि भरलेली त्यामानाने शांत जाते. तरीही पाट्यांतून बारीक धक्के वर येतातच. त्यांनी केळीची साल काळी पडते आणि भाव उतरतो, म्हणून हौद्यात घडांखाली केळीचीच पानं अंथरतात.