फ्रेम उघडल्याशिवाय आम्ही किंमत का सांगत नाही
(जर्मन अभिव्यक्तिवादी रंगीत चित्रं तपासायला आणणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे वरचेवर एक चित्र येतं. मान झुकवून उभा असलेला निळा घोडा, मागे लाल-पिवळ्या-जांभळ्या टेकड्या आणि भोवती जुनी लाकडी फ्रेम. "आजोबांनी जर्मनीहून आणलंय, केवढ्याचं असेल?" असं विचारलं जातं. जर्मन अभिव्यक्तिवादी, म्हणजे भडक रंगांतून मनातल्या भावना मांडणाऱ्या पंथाचा चित्रकार फ्रान्झ मार्क याचा हा घोडा १९११ सालचा. मूळ तैलचित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे, त्यामुळे तुमच्या घरी आहे ती छापील प्रत. पण या पंथाची सगळीच चित्रं अशी झटकन निकालात निघत नाहीत.

याचं कारण असं, की हे चित्रकार मुद्राचित्रं, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर उतरवलेली मूळ चित्रं, स्वतःच्या हातांनी काढत. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'ब्रुके', म्हणजे 'पूल', हा गट काढला. लाकूड कोरायचं, शाई लावायची, ठसा कागदावर उतरवायचा, हे सारं ते स्वतः करत. अशा काष्ठमुद्रेत, म्हणजे लाकडी ठशाच्या चित्रात, शाई रेषेच्या कडेला जाडसर साचते, कुठे लाकडाच्या शिरा उमटतात आणि कागदाच्या पाठीला दाब जाणवतो. रंग एकमेकांवरून किंचित सरकलेले असले तर तो दोष धरू नका. हातकामात तसं होतंच.

आम्ही आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावतो. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके एकसारख्या नक्षीत दिसले, की ती ऑफसेटची, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रावर निघालेली प्रत. ठिपक्यांऐवजी बारीक सुरकुत्यांचं जाळं दिसलं तर ती कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून छापलेली प्रत. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत उत्तम प्रती या पद्धतीनेही निघत. त्या आम्ही वेगळ्या काढून ठेवतो. लिथोग्राफचे, म्हणजे दगडावर चित्र काढून घेतलेल्या छापाचे, ठिपके हाताने टाकलेले, म्हणून वेडेवाकडे. घरात मळवलीच्या रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी असेल तर तिच्यावर भिंग धरून पाहा, लगेच कळेल. तिथेही तंत्रज्ञ जर्मनच होते.

सहीवर घाईने विश्वास ठेवू नका. पेन्सिलची रेघ भिंगाखाली चकाकते, छापलेली सही चित्राच्याच शाईत मिसळलेली असते. मार्क १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या व्हेर्दँच्या लढाईत मारला गेला. त्यामुळे अलीकडच्या ऑफसेट प्रतीवर त्याची पेन्सिलची सही असेल, तर ती त्याची नव्हे. उलट '१२/५०' (पन्नास प्रतींतली बारावी) असा क्रमांक नाही म्हणून चित्र खोटं ठरत नाही. त्या काळी कित्येक प्रती क्रमांकाविना निघाल्या.

यानंतर फ्रेम उघडावीच लागते. प्रकाशकाचं नाव बहुधा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेलं असतं. किर्शनरच्या मृत्यूनंतर त्याच्याकडच्या मुद्राचित्रांच्या पाठीवर वारशाचा (ती त्याच्या मागे राहिलेल्या संग्रहातली असल्याचा) शिक्का मारला गेला, तो पुढून कधीच दिसत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा लखलखला, तर तो साधारण १९५० नंतरचा. माप माउंट काढूनच घेतो आणि चित्रकाराच्या मुद्राचित्रांच्या छापील सूचीशी ताडून पाहतो. मूळ मुद्राचित्र असावं असं वाटलं, तर त्याच चित्राची दुसरी प्रत लिलावात कितीला गेली ते पाहून आकडा लिहून देतो.

मुंबई-कोकणच्या हवेत कागदाचे फार हाल होतात. ओलीचे तपकिरी डाग, कसरीने खाल्लेल्या कडा, काचेला चिकटलेली शाई. कृपा करून ओलं फडकं लावू नका, चिकटलेला कागद ओढू नका आणि समास तर कापूच नका. आमच्याकडे आलेल्या एका काष्ठमुद्रेचे समास पूर्वीच्या फ्रेमवाल्याने मापात बसवायला कापले होते, त्यात अर्धी सही गेली. ते अजून मनाला लागून आहे.

बहुतेक चित्रं शेवटी छापील प्रतीच निघतात, आणि कधी कधी त्यांच्यापेक्षा फ्रेमच महाग असते. हे आम्ही स्पष्ट सांगतो, पण चित्र टाकून द्या असं कधी म्हणत नाही. नाझींमुळे १९३० च्या दशकात मुंबईत आलेल्या चित्रकार लँगहॅमर, कलासमीक्षक लायडन आणि चित्रसंग्राहक श्लेसिंगर यांच्या घरांतली पुस्तकं आणि छापील प्रती पाहूनच इथल्या तरुण चित्रकारांना युरोपातली नवी चित्रकला भेटली होती.

ज्या चित्राची किंमत आम्ही सांगतो, ते आम्ही विकत घेत नाही. येताना फ्रेम घरी उघडू नका. ती उभी धरून, चादरीत गुंडाळून आणा. जुनी बिलं, पत्रं किंवा आजोबांच्या मागच्या भिंतीवर ते चित्र दिसणारा फोटो मिळाला, तर तोही सोबत असू द्या.